आलं का?

माझा आणि मुंबई दूरदर्शनचा जन्म एकाच वर्षातला, १९७२चा. त्यामुळे देशात जे जे घडलं ते मी टीव्हीवर बघितलेलं असणार, असा नातेवाइकांचा समज आहे. लग्नात पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत हटकून कोणीतरी विचारतं, ‘त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप? लाइव्ह बघितला होता का?’ मी म्हणतो, ‘होतो की तिथे.’ हे खोटं नाही. मी तिथेच होतो. फक्त कौलांवर होतो.

पुण्यात पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकच, मालकांचा. लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा, ब्लॅक अँड व्हाइट. चित्र यायचं सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून, आणि जरा वारा सुटला की आमच्या अँटेनाची मान सिंहगड सोडून पर्वतीकडे वळायची. ती जागेवर आणायचं काम वाड्यातल्या सगळ्यांत हलक्या माणसाचं, कारण जड माणसाखाली कौलं फुटतात. मी अकरा वर्षांचा आणि वजनाने कावळ्यापेक्षा जेमतेम जास्त.

निरोप तीन टप्प्यांनी वर यायचा. खोलीतून मालक, ओटीवरून आई, चौकातून कोणीही रिकामटेकडं पोर. ‘मुंग्या आहेत!’ ‘अजून मुंग्याच!’ ‘आवाज आलाय, चित्र नाही!’ ‘आलं, आलं… गेलं!’ हे ‘गेलं’ माझ्यापर्यंत पोचेस्तोवर खाली चित्र परत आलेलं असायचं. मग ते मी इमानेइतबारे घालवायचो.

२५ जूनला लॉर्ड्सवर आपण १८३मध्ये आटोपलो आणि निम्मा वाडा पानं घ्यायला उठला. वेस्ट इंडीजपुढे १८३ म्हणजे पन्नास पानांचा स्वयंपाक करून पाचशे माणसांना आवतण. रिचर्ड्स येऊन सुटल्यावर उरलेला निम्माही जांभया देऊ लागला. वर अंधार पडलेला. मी खांबाला हात लावला की चित्र स्वच्छ आणि काढला की मुंग्या, हा शोध तोवर खाली लागला होता, त्यामुळे ‘तू आता तसाच थांब रे बाळा’ असा ठराव एकमताने झालेला. अशात मदनलालचा चेंडू रिचर्ड्सने उंच उडवला आणि कपिल देव पाठमोरा धावत सुटला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला ऐकू आलं ते एवढंच, तीस घशांतून एकदम:

‘गेला! गेला! गेला!’

आता रिचर्ड्स गेला की चित्र गेलं, हे कौलांवर कसं कळावं? ‘गेला’ आणि ‘गेलं’ यांतला फरक व्याकरणाच्या पेपरात असतो. तीस माणसं एकदम ओरडली की लिंगभेद उरत नाही. मी कर्तव्याला जागून खांब फिरवला.

कपिलने तो झेल घेतला तेव्हा आमचा वाडा मुंग्या बघत होता. आउट झाल्याचं कळलं ते शेजारच्या वाड्यातल्या आरोळीवरून. पुढे वेस्ट इंडीज १४०मध्ये गुंडाळले गेले, ४३ धावांनी कप आपला झाला, मध्यरात्री फटाके वाजले, पेढे आले. मला पेढा मिळाला, पण मालकांनी तो हातात न देता कठड्यावर ठेवला.

खरी गंमत पुढेच आहे. त्या तिसांतले जे कोणी अजून भेटतात, ते सगळे तो झेल मला हातवारे करून दाखवतात. कपिल कसा वळला, चेंडू खांद्यावरून कसा आला. एक काका तर पंगतीतून उठून मागे मागे धावले आणि वाढप्याच्या मठ्ठ्यात गेले. ‘डोळ्यांनी बघितलाय,’ म्हणाले. कुणाला सांगतायत? मला!

पण ते खोटं बोलत नाहीत, एवढं मला आता पटलंय. अमेरिकेत १९८६ साली चॅलेंजर यान हवेत फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कितीतरी जणांनी भलतंच सांगितलं, तेही छातीठोकपणे. पहिल्यांदा टीव्हीवरच पाहिलं म्हणणारे तर भलतेच वाढले होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले कागद दाखवले, तरी काहींना पटेना. थोडक्यात, पेठेत जे होतं तेच अमेरिकेत होतं, फक्त तिथे कागद जपून ठेवतात.

पुढे वाडा पडला, फ्लॅट आला, अँटेना भंगारात गेली. आता मला खोलीत बसून इतिहास बघायचा होता. २ एप्रिल २०११, वानखेडे, २७५चं लक्ष्य. मी पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग शून्यावर पायचीत. सगळ्यांनी आधी टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने नुसता डोकावलो, तर सचिन १८वर गेला. ‘अहो,’ बायको अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘तुम्ही जरा आतच थांबता का?’ गंभीरच्या ९७ धावा होईपर्यंत मी बारा माणसांच्या भेळेचा कांदा चिरला. धोनीने षटकार मारला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्याचा अर्थ मात्र घरच्यांनी वेगळा लावला.

२३ नोव्हेंबर २०१९ला तर मी टीव्हीसमोरच बसलो होतो, पण पाठ करून. हातात सकाळचं वर्तमानपत्र. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार हे त्यातल्या ठळक मथळ्यासकट बायकोला सविस्तर समजावून देत होतो, आणि ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. ‘पण शपथ तर फडणवीस घेतायत,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘जुनं असेल, पुन्हा दाखवत असतील.’

म्हणून २३ ऑगस्ट २०२३ला मी कसलीही कसर ठेवली नव्हती. चांद्रयान-३ संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरणार, मी साडेपाचला हातपाय धुऊन हजर. सेट-टॉप बॉक्सचा रिचार्ज दोन दिवसांपूर्वी संपला होता. तो मी करणार होतो. राहिला मोबाइल, आणि आमच्याकडे रेंज येते ती फक्त झोपायच्या खोलीत, खिडकीच्या वरच्या गजापाशी. तिथे हात उंच करून फोन धरला की चित्र पळायचं, खाली घेतला की चकती गरगरायची. आई, बायको, लेक पलंगावर ओळीने बसल्या. पडदा त्यांच्याकडे. माझ्याकडे फोनचं मागचं कव्हर.

‘यात यान कुठंय गं?’ आईने विचारलं.

‘यान नाही दिसत, आजी. ते शास्त्रज्ञ आहेत.’

‘ते काय करतायत?’

‘ते पण स्क्रीनकडेच बघतायत.’

एवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधून टाळ्या आणि आरोळ्या ऐकू आल्या. आमचं यान अजून वरच होतं. माझा दंड भरून आला होता, मुंग्या आता हाताला आल्या होत्या.

‘आलं का?’ मी विचारलं.

‘आलं, आलं!’ आई ओरडली. ‘तू हलू नकोस!’