नकाशात टेम्पो नव्हता

आज पुन्हा एका बाजाररस्त्याच्या 'कायापालटा'चा नकाशा समोर आला आणि सकाळपासून डोकं तापलंय. चित्र देखणं आहे, नाही म्हणत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी झाडं, बाकं, जुन्या धाटणीचे दिवे, पिशव्या घेऊन हसत चाललेली माणसं, एक सायकल, एक कुत्रं, फुगेवाला. कुत्र्याला जागा होती. माल उतरवणाऱ्या टेम्पोला नव्हती. सगळी पानं उलटून पाहिली. एकाही पानावर टेम्पो नाही.

साठ-सत्तर दुकानांचा रस्ता आहे. त्यांत माल काय वरून पडणार आहे?

पुढे काय होतं ते सांगतो, कारण दर वेळी तेच होतं. उद्घाटनानंतर पहिल्याच सकाळी टेम्पो येतो. त्याला यावंच लागतं. जागा नाही म्हणून तो दोन चाकं नव्या फुटपाथवर चढवून उभा राहतो. फुटपाथला ६० मिमी जाडीचे पेव्हर, म्हणजे एकमेकांत बसवलेले काँक्रीटचे ठोकळे, असतात, खाली वाळू. हे माणसांच्या पायांसाठी ठीक. भरलेल्या टेम्पोचं मागचं चाक रोज त्याच जागी चढलं की वाळू सरकते, पेव्हर बसतात, खळगा पडतो, त्यात पाणी साचतं, मग एखादा पेव्हर डुगडुगायला लागतो आणि कुणाचा तरी पाय मुरगळतो. मग तक्रारी. मग खांब ठोकायचे. खांब आले की टेम्पो भर रस्त्यात उभा राहतो, मागे बस अडकते, हॉर्नचा गोंधळ सुरू होतो आणि सगळे एकमुखाने म्हणतात, 'बघा, फुटपाथ उगाच रुंद केला.' वर्षभरात तोच फुटपाथ पुन्हा कापला जातो. आणि दोष कुणाला? तर 'आपल्या लोकांना शिस्त नाही' म्हणून लोकांना! अहो, शिस्तीनं उभं राहायला आधी जागा लागते.

आणि जागा असते. १८ मीटरचा रस्ता घ्या, दुकानाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. गाड्यांना ३ मीटरच्या दोन लेन, म्हणजे ६. दोन्ही कडांना २.२ मीटरचा पट्टा: कुठे पार्किंग, कुठे झाड, कुठे माल उतरवायची जागा. हे झाले ४.४. उरले ७.६, म्हणजे प्रत्येक बाजूला ३.८ मीटरचा फुटपाथ. त्यातला अर्धा मीटर दुकानाच्या दाराशी, पायऱ्या आणि थबकून बघणाऱ्यांसाठी. बाहेरच्या काठाला १ मीटर दिवे, कचरापेटी, बाक, विजेची पेटी यांना. मधला २.३ मीटर चालायला मोकळा. मोकळा म्हणजे मोकळा, तिथे फलकसुद्धा नको. बस जात असेल तर लेन ३.२ करा आणि प्रत्येक फुटपाथचे २० सेंमी घ्या. बस्स. ३.५ मीटरच्या लेन हव्यात असं म्हणणारे महामार्गाचा हिशेब बाजारात आणतात. लेन रुंद झाली की पाय ॲक्सिलरेटरवर आपोआप दाबला जातो, पाटी काहीही म्हणो.

आता टेम्पो. लहान मालवाहू गाडीला १२ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा द्या. पट्टा २.२ चा आहे, कमी पडणारे ३० सेंमी काठाच्या त्या १ मीटरमधून काढा, तेवढ्या लांबीत दिवा-बाक ठेवू नका. हातगाडी ढकलत माणूस ५० मीटरपेक्षा लांब माल नेत नाही. त्याहून लांब पडलं तर टेम्पो दुकानासमोरच थांबणार, हे गृहीत धरा. म्हणून प्रत्येक बाजूला दर १०० मीटरला एक जागा. ४०० मीटरच्या रस्त्यावर बाजूला चार, म्हणजे लांबीचा जेमतेम आठवा हिस्सा. जमीन फुटपाथच्याच उंचीची, रस्त्याकडचा काठ उतरता आणि ५ सेंमीपेक्षा जास्त उंच नाही. खाली १५ सेंमी काँक्रीट, वर ८० मिमीचे पेव्हर, तिरप्या हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) मांडणीत, म्हणजे चाक वळलं तरी ओळ सरकत नाही. वाळूचा थर ३० मिमी. पातळी सांभाळायला ५०-६० मिमी वाळू ओतणारा कंत्राटदार दिसला की काम तिथेच थांबवा. सकाळी ६ ते १० माल, नंतर तीच जागा बसायला. एवढंच तर आहे.

पार्किंगचा विषय काढला की दुकानदार मंडळी खवळतात. दारासमोर गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही, हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. साधं गणित बघा. रस्त्याला समांतर लावलेल्या गाडीला सुमारे ६ मीटर लांबी लागते. लहान दुकानाची दर्शनी रुंदी ३-४ मीटर. म्हणजे प्रत्येक दुकानासमोर एक गाडी हे कागदावरसुद्धा जमत नाही! आणि सकाळी शटर उघडायच्या वेळी तिथे जाऊन बघा, त्या जागा कुणी भरलेल्या असतात? मालकाने आणि त्याच्या कामगारांनी. ती गाडी रात्रीपर्यंत हलत नाही. दहा तासांत एक गाडी. पाऊण तासाची मर्यादा नीट राबवली तर त्याच जागेवर तेरा गाड्या येऊन जातात. टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २००९ च्या एका अहवालासाठी दुकानदारांना विचारलं आणि गिऱ्हाइकांनाही विचारलं. गाडीने येणारं गिऱ्हाईक दहातलं एकच निघालं. पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच सांगितलं: पार्किंगचा दर असा ठेवा की ८५ टक्के जागा भरलेल्या राहतील, सात-आठ जागांमागे एक मोकळी. गाडीवाला घिरट्या घालत नाही, जागा लगेच मिळते. कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेना या बाजारभागात १९९३ मध्ये मीटर बसवले आणि मिळकत त्याच भागाच्या फुटपाथ, दिवे, साफसफाईवर लावली. पैसा डोळ्यांसमोर खर्च झाला म्हणून विरोध मावळला. पैसा शहराच्या मोठ्या तिजोरीत गेला असता तर मावळला नसता, हेही खरं.

बरं, फ्रिज विकणाऱ्याला गाडी लागते. मान्य. पुढे चला.

सगळ्यात जास्त वाट लागते ती पातळीची, आणि पातळी त्या सुंदर चित्रात दिसत नाही. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत गेलेले असतात. रस्ता वर, दुकानाचा उंबरा खाली. हिशेब उंबऱ्यापासून सुरू करा. ३.८ मीटरच्या फुटपाथला २ टक्के उतार दिला की बाहेरचा काठ उंबऱ्यापेक्षा साडेसात सेंमी खाली येतो. तिथून कर्बची, म्हणजे फुटपाथच्या काठाच्या दगडाची, १५ सेंमी उडी. म्हणजे रस्त्याची कड उंबऱ्याच्या साधारण साडेबावीस सेंमी खाली. कडेपासून मध्यापर्यंत ५.२ मीटर, अडीच टक्क्यांनी १३ सेंमी चढ. म्हणजे रस्त्याचा मध्य उंबऱ्याच्या साडेनऊ-दहा सेंमी खाली हवा. तुमच्याकडे तो पाच सेंमी वर असेल तर पंधरा सेंमी खरवडून काढायला हवेत. कर्ब १० सेंमीचा केला तर दहा. हे मोजलंच नाही तर शेवटी काय करतात? फुटपाथचा उतार दुकानाकडे देतात. पहिल्या पावसात पाणी थेट शटरखालून आत. मग प्रत्येक दुकानदार दारात आपापला सिमेंटचा उंचवटा करतो, आणि व्हीलचेअरवाल्याला तो अख्खा रस्ता बंद.

म्हणून दर दहा मीटरला पातळी घ्या, दर दुकानाचा उंबरा टिपा. कंटाळवाणं काम आहे. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

दुसरी ठरलेली चूक: कर्बची रेघ पुढे सरकवतात आणि पाणी आत घेणारी जाळी जुन्या जागीच राहते. नवा फुटपाथ तिच्यावरून जातो, पाणी नव्या कोपऱ्याला येऊन अडतं, तळं होतं. रेघ हलली की जाळी हललीच पाहिजे, तिच्या चेंबरसकट. कडेने वाहणाऱ्या पाण्याला किमान दोनशेस एक उतार, २०-२५ मीटरला एक जाळी. रस्ता सपाट असेल तर त्याहून जवळ.

आणि खोदाई! नवा फुटपाथ, सहा महिन्यांत केबलवाला येतो. त्याला शिव्या घालण्याआधी विचारा, त्याच्यासाठी रिकाम्या नळ्या ठेवल्या होत्या का? रस्ता उघडलेला असतानाच ११० मिमीच्या चार-सहा नळ्या लांबीने टाका, दर ५० मीटरला आडव्या, टोकाला चेंबर. चेंबरचं झाकण फरशी भरता येईल असं घ्या आणि फरशीच्या ओळीत बसवा. अंधांसाठीची उठावाची पट्टी अशा झाकणावर किंवा खांबावर नेऊन सोडू नका. ती घालणाऱ्यांनी डोळे मिटून एकदा तिच्यावरून चालून बघावं.

झाडांवरून भांडण हमखास. दुकानाची पाटी झाकते म्हणतात, आणि यात ते खोटं बोलत नाहीत. झाड दाराच्या समोर न लावता दोन दुकानांच्या सामाईक भिंतीच्या रेषेत लावा, पहिली फांदी अडीच मीटरच्या वर ठेवा, अंतर ८-१० मीटर. मुळांना निदान १.२ बाय १.२ मीटरचं उघडं तोंड आणि खाली भरपूर मोकळी माती. काँक्रीटच्या खोक्यात झाड लावलं की ते खोकं फोडतं, नाहीतर मरतं. दिवे ४-५ मीटर उंचीचे, १५-२० मीटरवर. दहा मीटरच्या खांबावरचा दिवा गाड्यांची टपं उजळतो, माणसाचा चेहरा अंधारातच.

रस्ता ओलांडण्याबद्दल थोडं हळू बोलतो, कारण इथे राग येण्यापेक्षा वाईट वाटतं. समोरच्या दुकानात जायचं, तर म्हाताऱ्या माणसाला १०.४ मीटर डांबर पार करायचं. कोपऱ्यांवर कर्ब पुढे आणला की तेच अंतर ६ मीटर होतं. सेकंदाला मीटरभर चालणाऱ्याचे चार सेकंद वाचतात. हे चार सेकंद म्हाताऱ्या माणसासाठी फार असतात. कोपऱ्याची गोलाई ९ मीटरवरून ४ वर आणा, वळणारी गाडी आपोआप मंदावते. दर ८०-१०० मीटरला उचललेलं क्रॉसिंग: १० सेंमी उंच, चढ पंधरास एक. बसचा मार्ग असेल तर ७.५ सेंमी, चढ वीसास एक, वरचा सपाट भाग ६ मीटरहून थोडा जास्त. आणि उताराच्या वरच्या अंगाला जाळी, नाहीतर क्रॉसिंग म्हणजे धरणच.

काही मित्र लगेच म्हणतील, गाड्याच बंद करा. कोपनहेगनचं स्ट्रॉयट १९६२ पासून पायी चालणाऱ्यांचं आहे आणि गजबजलेलं आहे. पण शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये खाजगी गाड्या बंद केल्या आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू कराव्या लागल्या. फरशी तिथेही होती, संध्याकाळी माणसं नव्हती. वर राहणारी घरं, जवळ थांबणारी वाहतूक, रात्री उघडी दारं हे नसेल तर गाड्या काढून फक्त शांतता उरते. म्हणून आधी रंग, कुंड्या आणि हलवता येणारे खांब घेऊन तीन महिने करून बघा. आधी आणि नंतर मोजा: किती माणसं गेली, किती थांबली, गाडी किती वेळ उभी राहिली. कामाच्या दिवशी एकदा, सुटीच्या दिवशी एकदा. चुकलं तर कुंडी उचलायची. ग्रॅनाइट उचलता येत नाही.

बाजूच्या गल्ल्यांत गाड्या वाढतात, हो. भाडी वाढतात आणि ज्याच्यासाठी केलं तोच जुना दुकानदार उठतो, हेही होतं. त्याला फरशीत उत्तर नाही, भाडेकरारात शोधावं लागेल.

पण आधी त्याला कामाच्या काळात तरी जगू द्या. अख्खा रस्ता एकदम उकरणं हा गुन्हा आहे. आठ महिने दारात खड्डा असेल तर नव्या फुटपाथवरून चालायला ते दुकान राहील का? एका बाजूचे ८०-१०० मीटर, आधी गटार, मग नळ्या, मग कर्ब, पाया, शेवटी फरशी. पहिला तुकडा लोकांना उघडल्याशिवाय दुसऱ्याला कुदळ लावायची नाही, हे करारात लिहा. प्रत्येक दारापर्यंत दीड मीटर रुंद, कठडा असलेली फळी. विक्रीचा हंगाम सोडून काम. आणि तीन-चार टक्के फरशी जास्तीची घेऊन ठेवा. पुढच्या वर्षी तो रंग मिळत नाही.

नकाशा परत पाठवलाय. फुगेवाल्याच्या शेजारी लाल पेनाने एक आयत काढला, १२ बाय अडीच. आत लिहिलं: 'टेम्पो, ६ ते १०'. आता फोन येईल की चित्र बिघडतंय.