फिल्टरवरचे जादा तेल जाते कुठे?

धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या, तेल लावलेल्या सुती एअर फिल्टरविषयीचा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. जितके जास्त तेल तितकी जास्त धूळ अडते, ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत कधीच पोहोचत नाही, मायलेज हमखास वाढते आणि फिल्टरकडे आयुष्यभर पाहावे लागत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. माझ्या मामेभावाने ते शब्दशः खरे मानून फिल्टरवर इंजिन ऑइल ओतले आणि आठवड्याभरात इंजिनाचा दिवा लागलेली गाडी माझ्याकडे आणली.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. तेलाचे काम सुती धागे चिकट करणे एवढेच असते. धागे भिजल्यानंतरच्या तेलाला तिथे थारा उरत नाही आणि इंजिनाच्या ओढीबरोबर त्याचे बारीक थेंब पुढे जातात. ज्या गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे मास एअरफ्लो सेन्सर असतो, तिथे ते नेमके त्याच्यावर बसतात. या सेन्सरमधली बारीक तार किंवा पातळ पट्टी हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राखली जाते आणि त्यासाठी किती वीज लागते यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आत येणारी हवा मोजतो. तारेवर तेल आणि धुळीचा थर बसला की बहुधा हवा खऱ्यापेक्षा कमी मोजली जाते, त्या हिशेबाने पेट्रोलही कमी सोडले जाते आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण बिघडते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे ईसीयू काही काळ हे सावरून घेतो, पण ती मर्यादा संपली की दिवा लागतो. भावाच्या गाडीत स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड आला. सेन्सर काढून उजेडात धरला, तर तारेवर तपकिरी, चिकट लेप होता आणि त्यात कापसाचा एक तंतू अडकलेला होता. इंजिन ऑइल फिल्टरच्या खास तेलाइतके चिकट नसते, त्यामुळे ते धाग्यांवर टिकलेच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. खास तेल मोजके लावून ते धाग्यांत पूर्ण मुरू दिले, तर असा फिल्टर सहसा सेन्सर बिघडवत नाही, आणि सेन्सर खराब होण्याला दरवेळी फिल्टरच कारणीभूत असतो असेही नाही. ज्या गाड्या हवेचे मोजमाप केवळ मॅप सेन्सरवरून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या दाबावरून, करतात, त्यांत ही तारच नसते.

मायलेजच्या दाव्याला अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा २००९ सालचा अभ्यास पुरेसा आहे. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मुद्दाम तुंबवलेला फिल्टर बदलूनही मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. सुधारला तो पिकअप. तुंबलेल्या फिल्टरने जे घटत नाही, ते थोड्या मोकळ्या फिल्टरने वाढेल कसे?

आयुष्यभर न पाहण्याचा सल्ला तर धुऊन वापरण्याच्या मूळ कल्पनेलाच छेद देतो. संदेशाच्या शेवटी सेन्सर कापसाच्या काडीने पुसायला सांगितले आहे, तेही कोणी करू नये, कारण त्या धक्क्याने तार तुटू शकते. त्यासाठी मिळणारा खास स्प्रे हात न लावता मारावा आणि सेन्सर पूर्ण वाळल्यावरच गाडी सुरू करावी.