‘४के मॉनिटरला २४ जीबीचे कार्डच हवे’ या दाव्याविषयी

सिंहस्थाची कामे मिळतील या आशेने नाशिकमधले अनेक छायाचित्रकार आणि एडिटर सध्या नवे संगणक जुळवत आहेत आणि त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: ४के मॉनिटरवर चौपट पिक्सेल असतात, म्हणून ग्राफिक्स कार्डची मेमरीही चौपट, किमान २४ जीबी हवी, नव्या मालिकेचे कार्ड जुन्यापेक्षा नेहमीच सरस असते, खरे रंग फक्त ‘प्रोफेशनल’ कार्डावरच दिसतात, आणि कार्ड दमदार असले की प्रोसेसर कोणताही चालतो. पंचवटीत लग्नाच्या चित्रफिती एडिट करूनच माझे घर चालते. या संदेशावर विसंबून हप्त्यांवर कार्ड घेणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

चौपट पिक्सेल हे खरे आहे. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, तर ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर सुमारे ८३ लाख. परंतु प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तरी पडद्यावरचे एक पूर्ण चित्र ३३ एमबीत मावते. म्हणजे नुसता मॉनिटर चालवण्यासाठी कार्डच्या मेमरीवर फारसा भार पडतच नाही. मेमरी लागते ती एडिटिंगला, आणि किती लागते ते कामावर ठरते. रंगकाम करताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलचे चारही घटक ३२ बिटांत ठेवते असे धरले, तर ४केची एक फ्रेम सुमारे १३३ एमबीची होते. रामकुंडावरच्या गोदाआरतीचे रात्रीचे चित्रण दाणेदार येते, त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेमशी ताडून दाणे घालवणे) लावले आणि मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेम विचारात घेतल्या, की एकाच वेळी पाच फ्रेम, म्हणजे सुमारे ६६० एमबी, फक्त मूळ चित्रासाठी अडकतात; त्यावरचे इतर इफेक्ट आणि शीर्षके वेगळीच. अशा कामात ८ जीबीचे कार्ड अडखळते हे मी मान्य करतो आणि १२ किंवा १६ जीबीचे घ्या असेच सांगतो. ८केचे चित्रण किंवा जड त्रिमितीय काम करणाऱ्यांनी २४ जीबीचा विचार जरूर करावा. मात्र दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे नॉइज रिडक्शन मिळतच नाही आणि तिचे एक्स्पोर्टही ३८४० गुणिले २१६० पर्यंतच होते. त्या आवृत्तीवर लग्नाचे साधे कटिंग करणाऱ्याने २४ जीबीसाठी पैसे का मोजावेत?

‘नवे ते सरस’ या विधानाला एक उदाहरण पुरेसे आहे. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबीचे आले होते आणि त्यानंतरचे आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे. नवे कार्ड वीज कमी खाते आणि एव्ही१ या नव्या पद्धतीने चित्रण दाबून साठवण्याचे काम, म्हणजे एन्कोडिंगही करते, परंतु मेमरी भरून जाणाऱ्या टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या क्लिपांच्या पट्टीवर) जुन्याच कार्डाचा हात वर राहतो.

रंगांचा मुद्दा तर जुना झाला. एनव्हिडियाने २०१९ साली स्टुडिओ ड्रायव्हरमधून साध्या जीफोर्स कार्डांनाही फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये १० बिट, म्हणजे जास्त बारीक छटांचे रंग उपलब्ध करून दिले. पडद्यावरचे रंग विश्वासार्ह हवे असतील, तर कार्डातले वाचलेले पैसे चांगल्या पॅनेलवर आणि कॅलिब्रेशनवर (मॉनिटरचे रंग मोजून जुळवण्यावर) खर्च करावेत.

सर्वांत घातक आहे ते शेवटचे विधान. गेल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने मला त्याच्या स्टुडिओत बोलावून घेतले. नवा संगणक, १६ जीबीचे महागडे कार्ड आणि तरीही हळदीच्या चित्रणाची टाइमलाइन दर दोन सेकंदांनी अडत होती. कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर १०० टक्क्यांवर पोहोचलेला होता आणि कार्डच्या ‘व्हिडिओ डिकोड’च्या, म्हणजे दाबून साठवलेले चित्रण उलगडण्याच्या आलेखात तळाशी एक सपाट रेघ होती. त्याचा कॅमेरा एच.२६५ या दाबून साठवण्याच्या प्रकारात, रंगांचा तपशील जास्त ठेवणाऱ्या १० बिट ४:२:२ पद्धतीने चित्रण करतो. एनव्हिडियाच्या कार्डांत हा प्रकार डिकोड करण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. त्याआधीच्या कार्डांवर हे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडते, मग कार्डवर मेमरी कितीही असो. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स ते सहज करते. पण दुकानदाराने थोडी रक्कम वाचवून ती कार्डाकडे वळवली होती आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला, म्हणजेच अंगचे ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर बसवला होता. आम्ही त्याच पिढीचा ‘एफ’ नसलेला प्रोसेसर बसवला, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) अंगचे ग्राफिक्स सुरू केले आणि प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तेच चित्रण न अडखळता चालले. कार्ड तेच होते. ज्यांना बदल परवडत नाही त्यांनी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती बनवाव्यात. रात्री लावून ठेवल्या की सकाळी जुना संगणकही काम देतो.

संदेशात केबलचा उल्लेखही नाही, हे मला विशेष खटकते. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, त्यामुळे माउसचा बाणसुद्धा पडद्यावर ओढल्यासारखा सरकतो आणि माणूस दोष कार्डाला देतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवे, आणि केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला जोडलेली हवी.

म्हणून कार्ड घ्यायला जाताना आपल्या कॅमेऱ्यातली दोन मिनिटांची मूळ क्लिप पेन ड्राइव्हवर न्यावी, दुकानातल्या संगणकावर ती टाइमलाइनवर टाकून टास्क मॅनेजर उघडायला सांगावा, आणि डिकोडचा आलेख हलताना दिसल्यावरच किमतीची बोलणी सुरू करावीत.