फक्त चित्रंच तर होती

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, वाचा.

काल आईबाबांना आणि लेकीला घेऊन आम्ही इथं अमेरिकेत ॲशव्हिलला गेलो होतो. शार्लटहून दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. तिथला नदीकाठचा रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्ट, म्हणजे कलाकारांच्या कामाच्या जागांचा भाग, बाबांना दाखवायचं माझ्या मनात कधीचं होतं. रात्री घरी आल्यावर घरच्या ग्रुपवर चार फोटो टाकले. एका फोटोत मी घेतलेला मातीचा मग होता, बेचाळीस डॉलरचा. सकाळी उठून बघते तर पहिला मेसेज, "मातीच्या मगाला साडेतीन हजार?" इथपर्यंत ठीक आहे, आपल्याकडे हे म्हणतातच. पण त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, "पुरात वाहून गेलं तर परत तिथंच कशाला थाटायचं? हौशी लोकांचे चोचले." आणि त्यावर सहा जणांनी हसून लोळणाऱ्या इमोजी टाकल्यात.

सहा जणांनी! त्यातल्या दोघांच्या घरात २०१९ च्या पुरात माळ्याला पाणी लागलं होतं. सांगलीची माणसं पुराला हसतात, हे मला अजून पचत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्रेंच ब्रॉड नावाची नदी आहे, उत्तरेकडे वाहते. तिच्या काठाला एके काळी कापडगिरणी, चामडं कमावायचा कारखाना, गोदामं आणि शेजारून रेल्वे. जुलै १९१६ मध्ये मोठा पूर आला आणि नदीकाठच्या कारखान्यांची धूळधाण झाली. पुढे उरलेले उद्योगही एकेक करून बंद पडले. नदीत इतकी घाण सोडलेली की तिच्याकडे कुणी बघायचंही नाही. ऐंशीच्या दशकापासून कुंभार, चित्रकार, काचकाम करणारे त्या पडक्या विटांच्या इमारतींत शिरले, कारण भाडं परवडत होतं आणि जागा मोठी होती. चाकं बसवली, भट्ट्या लावल्या. तीसेक वर्षांत तिथं शेकडो कलाकारांची कामाची जागा झाली. तुम्ही सरळ आत जायचं, माणूस काम करत असतो, त्याच्याशी बोलायचं. कुणी हाकलत नाही.

मग २७ सप्टेंबर २०२४. हेलीन वादळ. नदी २४.६७ फुटांवर गेली. १९१६ चा विक्रम २३.१ चा होता. नदीलगतचा जवळजवळ सगळा भाग बुडाला, चढावरच्या इमारती तेवढ्या वाचल्या. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. आम्ही शार्लटहून पाण्याचे कॅन गाडीत भरून नेले होते तेव्हा, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे.

काल आम्ही गेलो तर काही ठिकाणी नुसत्या मोकळ्या जागा आहेत, जिथं मागच्या वेळी मी लेकीला घेऊन उभी होते. काही इमारती अजून बंद. पण बऱ्याच उघडल्यात. त्यातल्या एकीत आम्ही शिरलो. साठीच्या आसपासची एक कुंभारीण चाकावर बसलेली. आई आणि लेक लगेच चाकाजवळ. बाबा मात्र दारातच थांबले. चौकटीच्या वर, भिंतीवर एक निळी रेघ ओढलेली होती. बाबांनी चप्पल काढायला वाकावं तसं वाकून आधी जमीन बघितली, मग हात वर केला. त्यांचा हात रेघेला पोचेना.

ती बाई चाक थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, तुम्ही पूर बघितलाय?

बाबा म्हणाले, "फिफ्टी सेव्हन अँड हाफ."

बस, एवढंच. ना गावाचं नाव, ना नदीचं. आणि तिला कळलं! ती उठली, हात पुसले आणि म्हणाली, "ट्वेंटी फोर पॉइंट सिक्स सेव्हन." दोघं त्या रेघेखाली उभे. मला तिथंच रडू यायला लागलं होतं.

सांगलीकरांना सांगायला नको, पावसाळ्यात आपल्याकडे "जेवलास का"च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ ला साडेसत्तावन्न. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्यात.

बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. आमच्या गावभागातल्या घरात खालच्या खोलीत त्यांची चित्रं होती. जलरंग. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या खुणेच्या दोन फूट वर त्यांनी स्वतः फळी ठोकून घेतली आणि चित्रांच्या दोन पत्र्याच्या पेट्या तिच्यावर ठेवल्या. काळजी घेतली होती हो! काल त्या बाईनंही तेच सांगितलं. १९१६ ला पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना माहीत होतं, तिनं सामान त्याच्या वर चढवून ठेवलं होतं. नदीनं दोघांनाही जुमानलं नाही.

तेव्हा ज्याला "तिथं कशाला राहायचं" म्हणायचंय त्यानं आधी माझ्या बापाला येऊन सांगावं, की दोन फूट कमी पडले ही तुमची चूक. या, सांगा. गावभाग उचलून उंचावरच्या विश्रामबागेत नेणार आहात का? हरिपुरात हळदीची पेवं शतकानुशतकं जमिनीत होती, २००५ ला पाण्यानं हळद कुजली. शेतकरी हळद लावायचा थांबला का? त्याला कुणी चोचले म्हणत नाही. मडकं घडवणाऱ्याला मात्र म्हणायचं.

हो, पूररेषेत बांधकाम करू नये, हे मलाही मान्य आहे. नदीची जागा नदीला द्यावी. आणि ॲशव्हिलमध्येही सगळं गोड नाही. या भागाच्या शेजारी साउथसाइड म्हणून कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, ती साठ-सत्तरच्या दशकात 'नूतनीकरणा'च्या नावाखाली उठवली. कलाकारांनी जागेला चांगले दिवस आणले की भाडी वाढतात, हेही खरंच. ठीक आहे. पण ग्रुपवर हसणाऱ्यांना यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं की गेलं ते फालतूच होतं.

आणि आता जे लिहायचंय त्यासाठी मघापासून हात अडतोय.

हे पहिल्यांदा मीच म्हटलंय. २०१९ ला. पाणी ओसरल्यावर बाबांनी फोन केला. पेट्या उघडल्या, म्हणाले, आत नुसता लगदा आहे, कागद कुठला आणि गाळ कुठला कळत नाही. मी इथं ऑफिसात होते, मीटिंगला उशीर होत होता. मी म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना. फक्त चित्रंच तर होती. तुम्ही दोघं सुखरूप आहात ना?"

ते म्हणाले, "हो, ते आहेच."

मला वाटलं मी धीर दिला. पंचनाम्याला आलेल्या माणसानंही कपडे, भांडी, धान्य, फ्रीज लिहून घेतलं आणि पेट्यांकडे बघून विचारलं, रिकाम्या आहेत का? बाबा हो म्हणाले. हे आईनं मला काल गाडीत सांगितलं, बाबा मागे झोपले असताना. सात वर्षं होत आली, त्यानंतर त्यांनी ब्रश धरलेला नाही. मी दर वाढदिवसाला त्यांना शर्ट पाठवत आले.

काल ती कुंभारीण त्यांना आत घेऊन गेली. मागच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर गाळातून काढलेली सात-आठ भांडी. धुतलेली, पण चिरांमध्ये तपकिरी माती तशीच बसलेली. विकायची नाहीत, म्हणाली. तिनं त्यातलं एक बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते कानाशी नेऊन टिचकी मारली, आपल्याकडे मडकं घेताना मारतात तशी. बद्द आवाज आला. चिरलेलं. ती हसली, बाबाही हसले. मग दोघं किती तरी वेळ बोलत होते. बाबांचं इंग्रजी मोडकं आणि तिचे तिथल्या ॲपलाचिया डोंगरांतले हेल आम्हालाही कधी कधी कळत नाहीत, पण त्यांचं काही अडलं नाही. लेकीनं तेवढ्यात मातीचा एक वेडावाकडा हत्ती केला. तो मातीचा मग मी घेतला तेव्हाच. बेचाळीस डॉलर मला कमीच वाटले, अजूनही वाटतात.

"फक्त" हा शब्द तिथं कुणी काढला नाही. तिनं बाबांना विचारलं, कशाची होती चित्रं? इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता. मी त्यांची मुलगी.

ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं होतं, चांगलं झणझणीत. ते पुसलं. कुणाला काय बोलू, सुरुवात माझ्यापासून आहे.

त्याऐवजी आज चहाच्या वेळी बाबांना विचारलं, "बाबा, पेट्यांत किती होती हो?"

मला वाटलं आठवायला वेळ लागेल. कप खाली न ठेवता म्हणाले, "एकशे अठरा."

मग मी वही घेऊन बसले. पहिलं, सरकारी घाटावर पहाटे धुणं धुणाऱ्या बायका, १९७८. दुसरं, आयर्विन पुलाच्या कमानी, उन्हाळ्यात नदी आटलेली असताना. तिसरं, आजीचे हात, शेंगा फोडताना. कागद कुठला, निळा कुठल्या कंपनीचा, कुठं पाणी जास्त झालं म्हणून डाग पडला, सगळं सांगतायत. आई मध्ये मध्ये चुका काढतेय. लेक शेजारी बसून प्रत्येकाला आकडा घालतेय.

जेवायच्या आधी अकरापर्यंत आलो होतो. आता ते झोपून उठलेत, मला हाक मारतायत.