तिर्रटीत थाप मारणाऱ्यांसाठी

पोळ्याच्या रात्री शेतातल्या आखाड्यावर तिर्रट, म्हणजे तीन पत्त्यांचा जुगार, खेळायला बसायचं ठरलंच असेल, तर मागच्या वर्षीसारखं भोळेपणानं जाऊ नका. आता तुम्ही मोबाइलवर पोकरचे चार व्हिडिओ पाहिलेत. तयारी झालीच म्हणायची.

गणितही तुमच्याच बाजूनं आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 हात पडू शकतात, त्यातल्या 16,440 हातांत साधी जोडसुद्धा नसते. म्हणजे पोतडीवर बसलेल्या बहुतेकांच्या हाती भोपळाच. मग घाबरायचं कामून? पत्ते बघा, ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, लागल्यागत मिशीवरनं हात फिरवा अन् चाल वाढवा. समोरचा विचारात पडेल आणि पॅक करेल, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडेल.

विचार करणारा असेल तर. समोर तात्या बसलेत आणि त्यांनी पत्ते उचललेलेच नाहीत. ब्लाइंडमध्ये ते दहा टाकतात, पत्ते पाहिल्याचा दंड म्हणून तुम्ही वीस. ज्याला स्वतःचे पत्ते माहीत नाहीत, त्याला तुमच्या मिशीचं काय कौतुक?

तरी चेहरा दगडासारखा ठेवा. सोयाबीन अजून शेंगा भरायलंय, विम्याचा पत्ता नाही, हे गावात कोणाला ठाऊक नाही म्हणता? शिवाय खिशातले दोन हजार सकाळी तात्यांकडूनच उसने आणलेत. तुमच्या किती चाली उरल्या, हे त्यांना तोंडपाठ.

आता उरलं शेवटचं हत्यार: बेभरवशी खेळ. फॉन नॉयमन नावाच्या गणितज्ञानं 1928 सालीच दाखवलं होतं, की दोघांच्या अशा खेळात आपला डाव ठराविक प्रमाणात नशिबावर सोडणंच शहाणपणाचं. मोठे खेळाडू त्यासाठी घड्याळाचा सेकंदकाटा बघतात म्हणे. तुमच्या मनगटावर घड्याळ नाही, म्हणून तुम्ही लाइटीवर ठरवा: गेली की थाप, आली की पॅक. फक्त शेतीच्या लाइटीचं वेळापत्रक अख्ख्या गावाला पाठ असतं, एवढी एक बारीक अडचण.

"काय बा, लाइट यायची वाट बघायलास का?" तात्या विचारतील. लाइट येईल. तुम्ही पॅक कराल.

तेवढ्यात छापा. 1887 च्या जुगार कायद्याखाली पंचनामा होईल, पोतडी, रोकड, मोटारसायकल सगळं लिहून घेतील. तात्यांचे पत्ते पहिल्यांदाच उलटे होतील, तेही हवालदाराच्या हातून: दुर्री, पंजी, नव्वी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

तुम्ही फेकलेल्या पत्त्यांत राजा होता.