गाडी थांब्याला का लागत नाही?

पुण्यात शहर बस चालवताना मला 19 वर्षे झाली. या काळात गाड्या बदलल्या, कागदी तिकिटांच्या जागी मशीन आले, पण “ओ काका, गाडी थांब्याला लावायला काय होतं हो तुम्हाला?” हा प्रश्न मात्र तसाच राहिला. विचारणाऱ्याचा राग मला कळतो. पाऊस पडतो आहे, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला मूल आणि बस रस्त्यात उभी राहिल्यामुळे मधल्या फटीतून दुचाक्या सुसाट चालल्या आहेत; अशा वेळी माणूस चालकावर चिडणार नाही तर कोणावर? तरीही आज सविस्तर उत्तर लिहितो, कारण स्टिअरिंगवर बसून ते देता येत नाही.

12 मीटर लांबीची बस रिक्षासारखी चटकन आत शिरत नाही. नुसते पुढचे चाक पदपथाजवळ आले म्हणजे गाडी लागली असे होत नाही. मागचा भागही त्याच रेषेत यावा लागतो आणि त्यासाठी थांब्याच्या अलीकडे जवळजवळ आणखी एका बसएवढी जागा मोकळी लागते. त्या जागेत काय असते, हे पाहायचे असेल तर स्वारगेटहून कात्रजपर्यंत एक फेरी माझ्या मागच्या सीटवर बसून करा. थांब्याच्या तोंडाशी तीन रिक्षा, त्यांच्यापुढे ‘दोनच मिनिटं’ म्हणून वडापाव आणायला गेलेल्याची मोटार, आणि तिचे चारही इंडिकेटर लुकलुकत असतात, जणू ते लावले की थांब्याजवळ वाहन उभे न करण्याचा नियम माफ होतो. मी तशातही आत घुसलो तर नाक आत आणि शेपूट रस्त्यावर तिरके राहते, मागची वाहतूक तुंबते, शिव्या मला बसतात आणि निघताना त्या मोटारीचा आरसा घासला तर चौकशीही माझीच होते.

यात माझ्या डब्याचाही प्रश्न आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला सलग पाच तासांपेक्षा जास्त काम न देता मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. आता एका फेरीत तीस थांबे धरा आणि प्रत्येक ठिकाणी आत शिरण्यात-निघण्यात एक मिनिट वाया गेले असे समजा. तो अख्खा अर्धा तास रस्त्यावरच संपतो, कारण वेळापत्रकात ते मिनिट कुठेच धरलेले नसते. काल दुपारी गाडी लावली तेव्हा पुढच्या फेरीला 11 मिनिटे उरली होती. त्यातली पाच स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येण्यात गेली. भाजी डब्यात तशीच ठेवून, पोळीला चटणी लावून तिची गुंडाळी केली आणि ती उभ्याउभ्या खात असतानाच नियंत्रकाची हाक आली.

थांबा रिकामा असूनही, मागची गाडी घेईल प्रवासी, असे म्हणून सरळ पुढे निघून जाणारे चालकही आमच्यात आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही; त्यांच्यामुळे उरलेल्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही.

2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, आली. तिच्यावर झालेली बरीचशी टीका रास्त होती, तरी मार्गिका मोकळी मिळाली की थांब्याला गाडी कशी लागते, याचा अनुभव तेथे आला. पुढे दुचाक्या आत शिरल्या आणि तेही संपले. 2024 मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, तिचे मी मनापासून स्वागत करतो, पण मेट्रोतून उतरून पुढच्या बससाठी आलेला माणूस आजही रिक्षांच्या पलीकडे, भर रस्त्यात येऊन हात दाखवतो. मला पूल नको आणि बोगदाही नको. प्रत्येक थांब्यापाशी 25 मीटर कडा रिकामी राहावी, एवढेच मागणे आहे.

माझ्या मार्गावरील एका थांब्याशेजारच्या चहावाल्याने गेल्या पावसाळ्यात दोन जुने टायर पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी रंगवून थांब्याअलीकडे ठेवले होते. बस येताना दिसली की तो ते स्वतः उचलून बाजूला घेत असे. आठ दिवस माझी गाडी तेथे पदपथाला खेटून उभी राहिली आणि आठ दिवसांत मला कोणी काही विचारले नाही. नवव्या दिवशी तेथे मोटार उभी होती. टायर अजून त्याच्या टपरीमागे पडलेले दिसतात. त्यांत पावसाचे पाणी साचते.