ख म्हणजे कुदळ नव्हे

ब्राह्मी लिपीतील, आणि म्हणून तिच्यातून पुढे आलेल्या देवनागरीतीलही, प्रत्येक अक्षर हे मुळात कारागिराच्या एखाद्या हत्याराचे किंवा वस्तूचे चित्र होते, असा दावा अलीकडे वारंवार वाचायला मिळतो. ख म्हणजे खनित्र, अर्थात कुदळ. ध म्हणजे धनुष्य. व म्हणजे वीणा. ल म्हणजे लांगल, अर्थात नांगर. त्याच्या जोडीला आणखी दोन विधाने येतात: ‘लिपी’ हा शब्द भिंती लिंपण्याच्या कामातून आला, आणि शिरोरेषा ही सुताराने लाकडावर मारलेली सुताची रेघ आहे. या दाव्यामागची भावना मला परकी वाटत नाही. लोहार, सुतार, पाथरवट यांना विद्येच्या इतिहासात त्यांची जागा मिळाली नाही, हे खरेच आहे. म्हणूनच ती जागा कच्च्या पुराव्यावर उभी राहू नये, असे वाटते.

हा तर्क नवा नाही. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७७ साली अशोकाच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा ‘खन्’ (खणणे) धातूवरून कुदळ, तसेच धनुष्य, वीणा अशी चित्रे त्यांनीच ब्राह्मीत पाहिली होती. तेव्हापासून त्यावर जो मुख्य आक्षेप घेतला गेला, तो आजही कायम आहे: चित्रापासून अक्षरापर्यंतच्या मधल्या पायऱ्या कोठे आहेत? सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हे उत्तरादाखल पुढे केली जातात. परंतु ती चिन्हे अजून वाचता आलेली नाहीत, आणि त्या मुद्रा व अशोकाचे लेख यांच्यामध्ये सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे.

वस्तूच्या नावातील पहिला ध्वनी घेऊन तिच्या चित्राचे अक्षर करणे ही कल्पना मात्र अशक्य नाही, कारण एका ठिकाणी ते खरोखर घडले आहे. सिनाईच्या वाळवंटात सराबित अल्‌-खादिम येथील फिरोजाच्या खाणींजवळ पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ साली काही लेख सापडले, आणि १९१६ मध्ये प्राचीन इजिप्तचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी त्यांतील ‘बालत’ (‘स्वामिनी’, एका देवीचे नाव) हा शब्द ओळखला. तेथील सेमिटिक भाषेतल्या नावांप्रमाणे बैलाचे डोके म्हणजे ‘आलेफ’, घराची आकृती म्हणजे ‘बेथ’, आकडा किंवा खुंटी म्हणजे ‘वाव’, गुराख्याची पराणी म्हणजे ‘लामेद’. आपल्याकडचा दावा पुष्कळ अंशी याच उदाहरणाची छाया आहे, असे मला वाटते. परंतु लेख खाणीच्या परिसरातील असूनही त्या चिन्हांत बैल, घर, पाणी, डोळा, मस्तक हेच मुख्यतः दिसते. अवजारे थोडीच आहेत. शिवाय तेथे अक्षरांची नावे टिकली. ग्रीकांनी लिपी घेतली तेव्हा ‘अल्फा’, ‘बीटा’ ही नावेही घेतली, जरी त्यांच्या भाषेत त्या शब्दांना अर्थ नव्हता. आपल्या परंपरेत अक्षराला असे नावच नाही. प्रातिशाख्यांपासून (वेदांच्या उच्चारांवरील जुन्या ग्रंथांपासून) शाळेपर्यंत आपण ककार, खकार, धकार असे ध्वनीवरूनच म्हणत आलो. र चे ‘रेफ’ हे नाव हा एक अपवाद, आणि तेही कोणत्या हत्याराचे नाव नाही. शिक्षापरंपरेने, म्हणजे उच्चारशास्त्राने, वर्ण मुखात कोठे आणि कसा उच्चारायचा (स्थान आणि प्रयत्न) हे इतक्या बारकाईने जपले. खकाराचे नाव ‘खनित्र’ असते, तर तेवढेच ती विसरली असती, हे पटत नाही.

आता शब्दांकडे पाहू. अशोकाचे लेख प्राकृतात आहेत, आणि दाव्यातील यादी मात्र संस्कृत शब्दांची आहे. ‘लांगल’ला पालीत ‘नङ्गल’ म्हणतात आणि आपण ‘नांगर’ म्हणतो. मग नांगराच्या चित्राचे न व्हायला काय हरकत होती? ण, ङ, ञ यांचे तर काहीच करता येत नाही, कारण संस्कृतात त्यांनी सुरू होणारा व्यवहारातला शब्द सापडत नाही. मराठी अंकलिपीलाही याच अडचणीमुळे ‘ण बाणाचा’ म्हणावे लागते. प्राकृतात ण ने शब्द सुरू होतात, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण मग संस्कृत हत्यारांची संपूर्ण यादीच मागे घ्यावी लागेल.

सर्वांत बोलका पुरावा खुद्द आकारांत आहे. अशोककालीन ब्राह्मीत ट हे अर्धवर्तुळ आहे आणि ठ हे पूर्ण वर्तुळ. प च्या टोकाला आत वळण दिले की फ होतो. अल्पप्राणाच्या आकारात भर घालून महाप्राण घडवलेला येथे स्पष्ट दिसतो. हे कोणाच्या हत्यारपेटीतून आलेले नाही. ट आणि ठ यांचे नाते ज्याच्या कानाला ठाऊक होते, त्याने हे आकार बसवले आहेत. ब्राह्मीच्या निर्मितीत पश्चिम आशियातील अरामी लिपीचा वाटा किती, यावर विद्वानांत खरा वाद आहे. त्या वादात हत्यारांच्या चित्रांना मात्र आज आधार उरलेला नाही.

‘लिपी’ शब्दाविषयी थोडक्यात. लिंपण्याशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, परंतु आजच्या पाकिस्तानातील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील अशोकलेखांत त्या जागी ‘दिपि’ असा शब्द येतो, आणि तो प्राचीन पर्शियनमध्येही लेख याच अर्थाने आहे. त्या शब्दाची वाट मागे सुमेरियन ‘दुब’पर्यंत, म्हणजे मातीच्या लेखपाटीपर्यंत जाते.

शिरोरेषेचा प्रश्न अधिक रोचक आहे, कारण तेथे हत्याराचा संबंध खरा आहे, फक्त दाव्यात सांगितला तसा नाही. अशोकाच्या अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ साली मिळालेल्या त्याच्या आठव्या शिलाशासनाच्या तुकड्यावरही ती नाही. जी रेघ सुरुवातीला नव्हतीच, ती अक्षरांच्या जन्माची खूण कशी ठरेल? पुढे शाईची लेखणी टेकवताना अक्षराच्या माथ्यावर जो जाड ठिपका उमटे, त्याचे अनुकरण दगडावर आणि ताम्रपटावरही होऊ लागले, आणि कित्येक शतकांनी उत्तरेत त्याची सलग रेघ झाली. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याच ठिपक्याची चौकोनी पेटी झाली, म्हणून तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. मोडीत तर बोरूने आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. हत्याराने अक्षराला वळण दिले ते असे, हाताच्या गतीतून. स्वतःचे चित्र काढून नव्हे.

आणि कारागिराचे नावच हवे असेल, तर तेही दगडावर आहे. कर्नाटकातील ब्रह्मगिरी आणि त्याच्या परिसरातील अशोकाच्या लेखांच्या शेवटी ‘चपड’ नावाच्या लेखकाने आपण हे लिहिल्याचे नोंदवले आहे, आणि संपूर्ण लेख ब्राह्मीत असताना ‘लिपिकरेण’ हा स्वतःचा व्यवसाय सांगणारा शब्द त्याने खरोष्ठीत, म्हणजे वायव्येकडच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिला आहे.